कुणाचा रे तू?

मुरुडच्या पाखाडीवर अनोळखी पोरगा दिसला की ओटीवर बसलेला म्हातारा त्याला नाव विचारत नाही. "कुणाचा रे तू?" असं विचारतो. पोरगा बापाचं नाव सांगतो, म्हातारा त्यावर आजोबांचं नाव काढतो, मग आजीचं माहेर निघतं, मग त्या माहेरच्या कुणाला तरी कधी तरी साप चावला होता तेही निघतं, आणि तीन मिनिटांत त्या पोराची पत ठरते. याला आगरातून दोन शहाळी काढून द्यायची, की फाटकाबाहेरूनच वाटेला लावायचं. या तपासणीला कागद लागत नाही, शुल्क नाही आणि निकालावर अपील नाही.

गेल्या मे महिन्यात हाच प्रश्न मला एका वेबसाइटला विचारावासा वाटला. ती काही बोलेना.

झालं असं की पुण्यातल्या माझ्या चुलत भावाने निवृत्त झाल्यावर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायला घेतला. कोकणस्थ माणूस निवृत्त झाला की त्याची एक तर साखर वाढते, नाहीतर कुलवृत्तांत निघतो. भावाचं दोन्ही झालं. "माजघरातल्या पेटीतले कागद जसेच्या तसे स्कॅन करून पाठव," म्हणून त्याचा फोन आला. पेटीत मोडीतली खतं होती, वाटणीचे कागद होते, कुणी कुणाला किती नारळ देणं लागतो याच्या याद्या होत्या. सुट्टीत आलेल्या भाचीने चार दिवस ओटीवर बसून एकेक पान मोबाइलवर टिपलं. पानं भरली ४१२, आणि सगळ्यांचं मिळून वजन ३.७ जीबी. आमच्या घराण्याला एवढं वजन आहे हे मला तेव्हा प्रथमच कळलं.

आता हे पाठवायचं कसं? ई-मेलमधून एका वेळी २५ एमबी जातात. म्हणजे दीडशेच्या आसपास ई-मेल, आणि प्रत्येक ई-मेलनंतर भावाचा "मिळालं" म्हणून फोन. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो वाटेत मऊ पडतात, मोडीचं अक्षर तर त्यात वरणात पडलेल्या मोहरीसारखं दिसतं. गूगलने दिलेले १५ जीबी माझे कधीच भरलेत. आम्ही दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यांच्या जाहिरातीसाठी काढलेले सूर्यास्ताचे अकराशे फोटो तिथे पडून आहेत. सूर्य एकच, पण पुसायचा कुठला ते ठरत नाही.

"मामा, फुकट फाइल पाठवायच्या साइट ढिगाने आहेत," भाची म्हणाली. चार नावं कागदावर लिहून दिलीन आणि दापोलीला कॉलेजात निघून गेली. मी आणि तो कागद, दोघंच उरलो.

पहिली साइट उघडली. उघडताच तिने माझं "अभिनंदन" केलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही. मग पानभर हिरवी बटणं. वर एक "डाउनलोड", मध्ये एक "डाउनलोड", खाली त्याहून मोठं, थडथडणारं "डाउनलोड". मला तर काही उतरवून घ्यायचं नव्हतंच, पाठवायचं होतं. पाठवायचं बटण कोपऱ्यात करड्या रंगात होतं, अंग चोरून बसलेल्या गरीब नातेवाइकासारखं. दापोलीहून मुरुडला उतरताना शेवटच्या वळणावर जशा पाट्या लागतात तसंच हे वाटलं. "समुद्रापासून पन्नास पावलं." "समुद्राला लागून." "समुद्रातच." ज्याची पाटी सगळ्यांत मोठी, त्याच्याकडून समुद्र दिसत नाही हा आमच्याकडचा जुना अनुभव. खरोखर पाण्याला लागून ज्याचं घर आहे त्याने पाटीच लावलेली नाही, वहिनी झाडू मारता मारता "खोली हवी का?" विचारतात.

मी ती साइट बंद केली. त्यामागे आधीचा एक पोळलेला हात होता. दोन वर्षांपूर्वी चैत्रातल्या देवीच्या उत्सवाचं चित्रण कुणीतरी अशाच एका फुकट जागी ठेवलं होतं. मी दुव्यावर बोट ठेवलं तर एक चौकट आली: तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी "परवानगी द्या" दाबा. मी यंत्रमानव नसल्याची मला खात्री होती, म्हणून दाबलं. उत्सव दिसला नाही, पण त्या दिवसापासून पंधरा दिवस माझा फोन दर तासाला किंचाळून सांगत होता की त्याच्यात १३ विषाणू सापडले आहेत आणि ते काढायला पैसे भरा. एकदा तर आरती चालू असताना किंचाळला. शेवटी भाचीने उलगडा केला. मी दिलेली परवानगी माणूस असण्याची नव्हतीच, त्या साइटला माझ्या फोनवर हवं तेव्हा सूचना टाकू देण्याची होती. विषाणू एकही नव्हता. परवानगी काढून घेतल्यावर सगळे तेरा एकदम बरे झाले.

दुसऱ्या साइटचा चेहरा सोज्वळ होता. पांढरं पान, मधे एक चौकोन, "इथे फाइल टाका." खाली चार हजार लोकांचे तारे, सरासरी पाचात ४.८. दुसरा कुणी असता तर इथे विरघळला असता. पण मी दोन खोल्या चालवतो, आणि तारे कसे उगवतात हे मला माहीत आहे. आमच्या खोल्यांना पहिले सहा पंचतारे मिळाले त्यात तीन भाचे होते, एक व्याही होते, एक आमच्या कुटुंबाच्या दाढेचे डॉक्टर होते, आणि एक मी होतो. खऱ्या पाहुण्याचा पहिला तारा एकच आला. त्याने लिहिलं होतं, "मोदक उत्तम, रात्री बेडूक ओरडतात." त्या एका ओळीवर मात्र माझा आजही विश्वास आहे, कारण बेडूक खरंच ओरडतात. तेव्हापासून कुठल्याही गोष्टीचे अभिप्राय वाचताना मी कौतुक ओलांडून जातो आणि बेडूक शोधतो. या दुसऱ्या साइटच्या चार हजार अभिप्रायांत एकही बेडूक नव्हता. सगळे एका सुरात "खूप छान सेवा, नक्की वापरा" म्हणत होते, बारशाला एका दुकानातून आणलेल्या झबल्यांसारखे.

मग तिचा जन्म शोधला. संकेतस्थळाचं नाव कधी नोंदवलं गेलं हे फुकट पाहता येतं, भाचीने दाखवून ठेवलं होतं. नाव नोंदवून चार महिने झाले होते. आमच्याकडे चार महिन्यांच्या पोराचं अजून उष्टावणही झालेलं नसतं, आणि याला चार हजार लोकांनी अनुभव घेऊन पंचतारे दिलेले! मालकाचं नाव झाकलेलं. आता मालकाचं नाव झाकणं हा काही गुन्हा नाही, पुष्कळ सरळ माणसंही ते झाकतात. पण "कुणाचा रे तू?" या प्रश्नाला ज्याचं उत्तर "सांगत नाही" असं येतं, त्याला शहाळं मिळत नाही.

तिसऱ्या नावापाशी मी निराळ्याच कारणाने अडलो. कागदावर भाचीने एक लिहिलं होतं, मी टंकताना एक अक्षर चुकलो, तरी एक साइट उघडली. रंग तोच, रूप तेच, फक्त आल्या आल्या पासवर्ड मागू लागली. या बाबतीत मुरुडकराला कुणी शिकवायला नको. महाराष्ट्रात एक मुरुड रायगड जिल्ह्यात आहे, जंजिऱ्याचं. एक लातूरकडे आहे. आणि एक आमचं, दापोलीच्या खालचं, हर्णैच्या शेजारचं. दर हंगामात एक तरी कुटुंब संध्याकाळी फोन करतं, "काका, आम्ही मुरुडात पोचलो, तुमचं घर सापडत नाहीये." मी विचारतो, "समोर काय दिसतंय?" ते म्हणतात, "पाण्यात किल्ला." आता पाण्यातला किल्ला आमच्याजवळही आहे, हर्णैचा सुवर्णदुर्ग. त्यामुळे पाच मिनिटं दोघंही सुखात असतो. मग ते म्हणतात, "जंजिरा म्हणतायत याला," आणि माझ्या घरात शिजलेल्या आठ माणसांच्या भाताचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. नाव बरोबर, समुद्र बरोबर, किल्लासुद्धा बरोबर, फक्त मध्ये सावित्रीची खाडी आणि अख्खी रात्र. इंटरनेटवर लबाड लोक मुद्दाम असं दुसरं मुरुड वसवतात, एका अक्षराच्या फरकाने. आमच्या पाहुण्यांचा निदान भातच वाया जातो.

"पण कुलूप होतं ना पत्त्यापाशी?" भावाने फोनवर विचारलं. तो बँकेत होता, त्याचा कुलपावर विश्वास.

कुलूप होतं. त्या खोट्या साइटलाही होतं. त्या कुलपाचा अर्थ इतकाच की माझ्या फोनपासून त्या साइटपर्यंतच्या वाटेवर मधला कुणी डोकावू शकत नाही. वाटेच्या टोकाला घरात कोण बसलंय याबद्दल ते कुलूप एक अक्षर बोलत नाही. चोराच्या घराला कुलूप नसतं असं कुठे आहे? लोकांचा हाच घोळ होतो हे ओळखून गूगलने २०२३च्या सप्टेंबरात क्रोममधून ते चिन्ह काढूनच टाकलं. मी हे सांगितल्यावर भाऊ बराच वेळ गप्प होता. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला कुलूप गेल्याचं दुःख होणारच.

दाखला आणि चेहरा यांचा हा तंटा आमच्या गावाला नवा नाही. धोंडो केशव कर्वे आमच्या मुरुडचे. जन्म १८५८ सालचा, आजोळी शेरवलीला, पण घर इथलं. शाळकरी वयात ते सरकारी नोकरीला लागणाऱ्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला गेले. गाडीघोडं कुठलं? कुंभार्ली घाट चढून, पायी, शंभराहून जास्त मैल. परीक्षेला वयाची सतरा वर्षं पुरी लागत. ती पुरी झाली होती, दाखलाही जवळ होता. समितीच्या साहेबांनी पोराकडे पाहिलं, अंगाने किरकोळ, उंचीने लहान. "तू सतराचा दिसत नाहीस," म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. पोरगा घाट उतरून परत आला आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन पास झाला.

साहेबांनी दाखला बाजूला ठेवून चेहऱ्यावर विश्वास टाकला. आम्ही आज कुलपाच्या दाखल्यावर टाकतो. चूक दोन्हीकडे होते.

आणि "कुणाचा रे तू?" या आमच्या लाडक्या परीक्षेबद्दलही फार ऐटीत बोलायला नको. त्याच कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तेव्हा कुणाचा, कुठल्या घरातला, सगळं ठाऊक असलेल्या याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, देशाने त्यांना भारतरत्न दिलं. गावाने एक तारा दिला होता. त्यामुळे गावाने दिलेले तारेही मी आता जपूनच मोजतो.

मग करायचं काय? दुपारी वामकुक्षीत मला उत्तर सुचलं, आणि ते आमच्या हर्णैच्या रस्त्यावरच्या आंबेवाल्याने सुचवलं. तो येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला हापूसची फोड फुकट चाखायला देतो. त्यावर कुणी संशय घेत नाही, कारण त्याच्या मागे पेट्यांची रास दिसते. फोड फुकट आहे ती पेटी विकण्यासाठी. समजा उद्या एक माणूस रस्त्यात उभा राहिला, पेटी नाही, काटा नाही, दुकान नाही, आणि वाटेल तितक्या फोडी वाटू लागला, वर म्हणाला, "फक्त तुमचं नाव, पत्ता आणि फोन लिहून द्या," तर मी आंबा खाणार नाही. साइटला विचारायचा प्रश्न हाच आहे: बाबा रे, तू जेवतोस कशावर? हजारो लोकांच्या फाइली ठेवायला यंत्रं लागतात, वीज लागते, पगार लागतात. काही सेवा उघड सांगतात की थोडं फुकट, जास्त हवं तर महिन्याला इतके पैसे. हा फोडवाला धंदा, समजण्यासारखा. काही जाहिरातींवर जगतात, मग ते साठ सेकंद थांबायला लावतात आणि त्या साठ सेकंदांत हिरव्या बटणांची झुंड सोडतात. हेही कळतं, पण त्या बाजारात पाकीट पुढच्या खिशात ठेवून हिंडावं. आणि काही सेवांचं पोट कशावर भरतं हे कितीही वाचलं तरी कळत नाही. तिथे आपणच पेटी आहोत असं समजून मागे फिरायचं.

खात्रीच्या घरातही गोष्टी घडतात. वीट्रान्सफर ही आम्सटरडॅमची २००९ पासूनची नावाजलेली सेवा. २०१९च्या जूनमध्ये दोन दिवस तिच्या फाइलींचे दुवे भलत्याच लोकांच्या ई-मेलवर जाऊन पडले. आमचा जुना पोस्टमन चष्मा विसरला की असंच करायचा, पण त्याची चूक पाखाडीच्या टोकापर्यंतच जायची. पुढे जुलै २०२५ मध्ये याच सेवेने आपल्या अटींमध्ये लोकांच्या फाइली वापरून यंत्राला, म्हणजे एआयला, शिकवण्याबद्दलचं एक वाक्य घातलं. चित्रकार, छायाचित्रकार खवळले, आणि ते वाक्य मागे घ्यावं लागलं. अटी कुणीच वाचत नाही असं आपण समजतो, पण कुणीतरी एक वाचतो आणि त्याच्या पुण्याईवर बाकीचे तरतात. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं तर मला वाईट वाटतं. २०१९ साली त्यांनी फुकट, जाहिरात नसलेली आणि त्यांना स्वतःलाही आत डोकावता येणार नाही अशी सेवा काढली. आत डोकावता येत नाही म्हटल्यावर चोरांनी तिथेच विषारी फाइली ठेवायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये ती बंद झाली. मेगाअपलोड या फाइली ठेवायच्या साइटवर जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने टाच आणली, तेव्हा पायरसीवाल्यांबरोबर सरळमार्गी लोकांचे लग्नाचे फोटोही अडकले. सज्जन असणं वेगळं, उद्या जागेवर असणं वेगळं.

हे दुसरं आम्ही २०२०च्या उन्हाळ्यात एका महिन्यात शिकलो. मे महिन्यात दूरसंचार खात्याच्या आदेशाने ती वीट्रान्सफर देशात बंद पडली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, माड आणि पोफळी आडव्या झाल्या, खांब पडले, वीज गेली, आणि फोन म्हणजे नुसती काचेची पाटी उरली. पडलेली झाडं मोजून पंचनाम्याचे फोटो पाठवायचे तर आम्ही पोरांच्या शेअरइट आणि झेंडरवरून एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये ढकलायचो, आणि जो दापोलीला जाईल तो सगळ्या वाडीचे फोटो खिशात घेऊन जायचा. २९ जूनला सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली. त्यात शेअरइट होतं, झेंडर होतं, आणि ज्यावर आम्ही कागद स्कॅन करायचो ते कॅमस्कॅनरही होतं. आगरात पडलेल्या माडावर बसून शेजारच्या अण्णांनी विचारलं, "आता काय उरलं?" कुणीतरी म्हणालं, "पोस्ट." पोस्टातही तेव्हा वीज नव्हती.

माझं हे सगळं चिंतन कुटुंबाने पोहे निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "साइटचं राहू दे. आत काय भरलंत ते सांगा."

"कागद. पेटीतले."

"म्हणजे काय काय?"

मला ते नीटसं सांगता येईना. मग दोघांनी बसून ४१२ पानं एकेक करून पाहिली. पणजोबांनी कुणाकडून तरी घेतलेल्या कर्जाचे रोखे निघाले. "हे चोरीला गेले तर?" मी विचारलं. "जाऊ देत की," ती म्हणाली, "चोराने ते कर्ज फेडलं तर बरंच." पण मधेच, १८८ क्रमांकाच्या पानानंतर, आमचा चालू सातबारा निघाला. त्यामागे माझं आधार कार्ड, पुढून आणि मागून. आणि एका कागदाच्या पाठीवर तिच्या अक्षरात बँकेचा खाते क्रमांक, गॅसच्या नंबराशेजारी. भाचीने पेटीतलं दिसेल ते निष्ठेने टिपलं होतं. सात पानं आम्ही काढून टाकली. साइटची जन्मकुंडली मांडत बसलो होतो मी, आणि माझं आधार कार्ड खतांच्या पाठीवर बसून जगाच्या सहलीला निघालं होतं.

आंब्याची पेटी आम्ही रात्रीच्या गाडीच्या चालकाकडे देतो. तो कुणाचा कोण, आम्हाला ठाऊक नसतं. गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन तेवढा पलीकडे कळवतो. त्याच्याकडे आंबा देतो, आमसुलं देतो, बाळंतिणीचे डिंकाचे लाडूसुद्धा देतो. मंगळसूत्र देत नाही. चालकावर संशय म्हणून नव्हे. ते जायचं असलं तर आपण स्वतः जातो.

उरलेली ४०५ पानं मी भाचीच्या यादीतल्या चौथ्या साइटवर टाकायची ठरवली. तिचं वय चौदा वर्षं, पैसे घेणारी योजना ठळक लिहिलेली, आणि अभिप्रायांत तीन बेडूक. शिवाय फाइलींचा गठ्ठा आधी आपल्याच संगणकावर पासवर्ड घालून बांधायचा, पेटीला सुतळी मारतात तसा. मग साइट चांगली निघो वा वाईट, तिच्या हाती बंद पेटी. पासवर्ड मात्र दुव्याबरोबर पाठवायचा नाही, नाहीतर पेटीवरच किल्ली बांधल्यासारखं. तो फोनवर सांगायचा, असं भाचीने बजावलं होतं.

रात्रभर गठ्ठा चढला. सकाळी दुवा भावाला गेला. आणि मी पासवर्ड सांगायला फोन घेऊन आगरात गेलो, कारण आमच्याकडे रेंज फक्त विहिरीशेजारच्या तिसऱ्या माडाखाली येते.

"लिहून घे. मोठा एम."

"काय? एन?"

"एम! मुरुडचा एम! मग लहान यू!"

"तू काय?"

"तू नव्हे, यू! उखळातला! मग आठ. परत आठ. मग ते अ‍ॅट, शेपटीत गुंडाळलेला ए!"

असं बारा अक्षरं. पाठीमागे रहाटाचा आवाज थांबलेला माझ्या लक्षात आला नाही. फोन ठेवला तेव्हा गडग्यापलीकडून अण्णांनी विचारलं, "आठ दोनदाच म्हणालास ना? तिसऱ्यांदा ऐकू आलं ते प्रतिध्वनी की काय?" त्यांच्यामागे त्यांची सून होती, ती बोटावर मोजत होती. संध्याकाळपर्यंत आमच्या घराण्याचा पासवर्ड दुर्गादेवीच्या देवळापर्यंत पोचला. पण दुवा कुणाकडेच नव्हता, म्हणून मी शांत झोपलो.

झोपायला नको होतं, कारण भावाने फाइल उतरवलीच नाही. तो साखर तपासायला गेला, मग लग्नाला गेला, मग नातवाच्या शाळेत. दुव्यावर स्पष्ट लिहिलं होतं, सात दिवसांनी बंद. आठव्या दिवशी त्याने उघडला तर आत कोरं पान. साइट बोलल्याप्रमाणे वागली, पै इकडची तिकडे नाही. आम्हीच कमी पडलो.

मग मी दापोलीहून एक पेनड्राइव्ह आणला, तीच बांधलेली फाइल त्यात भरली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हापूसच्या पेटीत, पेंढ्यात, वरून दुसऱ्या थरात खोवला. पेटीला सुतळी मारली. रात्रीच्या गाडीच्या चालकाला दिली, गाडीचा नंबर भावाला कळवला. चालकाला मी विचारलं, "तुम्ही कुठले?" तो म्हणाला, "पालगडचा." मला बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी पुण्यात पोचली. दोन आंबे नासले होते, फाइल एकही नाही. पासवर्ड भाऊ विसरला होता, तो त्याला अण्णांनी सांगितला.